पिठातली मासोळी

सुनेत्राबाईंनी माशाला पहिल्यांदा "अहो" म्हटलं, तेव्हा नेहा शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती. तिला वाटलं, कोणीतरी आलं. मग लक्षात आलं, की या घरात सासूबाई "अहो" म्हणून हाक मारतील असा एकच माणूस होता आणि त्याचं तेरावं होऊन आठवडाही झाला नव्हता. तिनं इस्त्री उभी करून ठेवली आणि दाराशी जाऊन पाहिलं. सासूबाई काचेच्या टाकीसमोर स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर वाटी होती आणि त्या हळू आवाजात सांगत होत्या, "अहो, आज दोडक्याची भाजी केली नेहानं. तुम्हाला नाही आवडत, माहीत आहे मला. वरणभातच देते."

टाकीतला मासा काचेशी तोंड आणून ऐकत होता. मासा ऐकत होता असं म्हणू नये, एवढं नेहालाही कळत होतं. ती जबलपुरातल्या एका खाजगी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची आणि मुलांनी वहीत भलतंसलतं लिहिलं की लाल पेनानं फुल्या मारायची. पण त्या घडीला तिला दुसरा शब्द सुचला नाही.

मासा होता ऑस्कर जातीचा. चांगला वीतभर लांब, अंगानं काळा आणि त्यावर नारिंगी पट्टे. नेहाच्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर तो आणला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं साहेब. "जन्म साहेब लोकांच्या तोंडाकडे पाहात काढला," ते पाहुण्यांना सांगायचे, "आता हा साहेब माझ्या तोंडाकडे पाहून राहिला." साहेब माणसं ओळखायचा. अण्णांच्या बोटातून दाणा घ्यायचा, परक्या माणसाकडे पाठ फिरवायचा, आणि भूक लागली की तळातला खडा तोंडात धरून काचेवर फेकायचा. टक टक, आणि जरा थांबून पुन्हा टक. साताऱ्याहून लग्न होऊन आलेल्या नेहाला आधी हा मासा जरा आगाऊच वाटला होता. नंतर तीही कॉलेजातून आल्यावर त्याची विचारपूस करायला लागली.

मग अण्णांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वरच्या खोलीतून त्यांची खाट खाली आणली आणि टाकीच्या शेजारी लावली, म्हणजे त्यांचा जीव रमेल. काही मागायचं झालं की ते डाव्या हातातला चमचा स्टीलच्या पेल्यावर वाजवायचे. टक टक, आणि जरा थांबून पुन्हा टक. आलोकला, म्हणजे त्यांच्या मुलाला, याची मोठी गंमत वाटायची. "अण्णांनी साहेबाची भाषा उचलली," तो म्हणायचा, आणि अण्णाही अर्ध्या तोंडानं हसायचे. तेव्हा त्या खोलीत हसणं चालायचं.

चालायचं नाही ते खाणं. घशाच्या नसा गेल्या होत्या. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली होती आणि बजावून सांगितलं होतं, की तोंडानं काही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही, कारण गिळलेलं पोटात न जाता छातीत जाईल. अण्णा खाण्याचे मोठे शौकीन. फोडणीचा वास आला की पेला वाजायला लागायचा आणि डोळे स्वयंपाकघराकडे वळायचे. सुनेत्राबाई तेवढा वेळ मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहायच्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याला वाढल्याशिवाय त्यांनी स्वतः घास घेतला नव्हता. आता नवऱ्याला नळी आणि आपल्याला पोळी, हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मार्च संपता संपता एका दुपारी नेहा कॉलेजातून लवकर आली. चपला काढून ती आत आली आणि दारातच थांबली. सुनेत्राबाई खाटेवर बसल्या होत्या, हातात वाटी, वाटीत तुपानं मऊ केलेला वरणभात. अण्णांनी तोंड उघडलं होतं. त्यांनी घास घेतला, जिभेवर घोळवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख उतरलं की नेहाच्या डोळ्यात पाणी आलं. तिला सगळं ठाऊक होतं. डॉक्टरांचं बोलणं तिनंच सासूबाईंना मराठीतून समजावून सांगितलं होतं. तरी ती पुढं झाली नाही. एखाद्या घासानं काय होतंय, असं मनाशी म्हणाली, चपला हातात घेऊन आल्या पावली बाहेर गेली आणि थोड्या वेळानं आवाज करत परत आली.

संध्याकाळी अण्णांच्या छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर यायच्या आत ते गेले. अशा आजारात असं होतं, डॉक्टर म्हणाले. आलोकनं मान हलवली, सुनेत्राबाईंनी मान हलवली आणि नेहानंही हलवली. वाटी घासून फडताळात पालथी पडली होती.

तेराव्याच्या आधी अण्णांची बहीण पुष्पाआत्या नागपूरहून आली. ती रीतभात मानणारी बाई. जिथं माणूस गेलं तिथं दिवा लावायचा, शेजारी जमिनीवर बारीक पीठ पसरायचं, वर टोपली पालथी घालायची आणि सकाळी पाहायचं, की पिठात कोणाचं पाऊल उमटलं. माणूस कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणे. आलोकनं नाक मुरडलं, पण आत्यापुढं कोणाचं चालत नसे. सकाळी टोपली उचलली. पिठात लांबट अशी एक खूण होती, एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला फाकलेली.

"मासोळी होय ही," आत्या म्हणाली. "हे पाहा शेपूट."

सुनेत्राबाईंनी टाकीकडे पाहिलं. मग नेहाकडे वळून म्हणाल्या, "तू सायन्सवाली आहेस. तूच सांग."

नेहाला दिसत होतं, की साहेबानं शेपूट आपटून पाणी उडवलंय, ते टोपलीच्या फटीतून गळलंय आणि पीठ तेवढं बसलंय. टाकीचं झाकण एका बाजूनं नेहमीच उघडं असे. पण सासूबाईंचा चेहरा पाहून तिला तसं बोलवेना. "हो आई," ती म्हणाली, "माशासारखंच दिसतंय."

बस. तेवढ्या एका वाक्यावर सगळं ठरलं. त्या दिवसापासून साहेब हे नाव घरातून गेलं.

आधी नुसता वरणभात होता. मग सकाळचे पोहे आले, चहाबरोबरचं बिस्कीट आलं, रविवारी शिरा आला. आधी त्यांचं व्हायचं आणि मग सुनेत्राबाई स्वतःचं ताट वाढून घ्यायच्या. अण्णा गेल्यावर त्यांनी अन्न टाकल्यासारखंच केलं होतं, आता निदान त्या जेवत तरी होत्या. त्यामुळं आलोकला हायसं वाटलं. "चलने दो यार," तो नेहाला म्हणाला, "तिचा टाइमपास होऊन राहिला, तुझं काय जाते?" आणि बँकेच्या ट्रेनिंगसाठी तो भोपाळला निघून गेला.

नेहाचं काय जात होतं, ते तिचं तिला माहीत. एवढं शिजवलेलं अन्न पाण्यात कुजलं की काय होतं हे तिला कळत होतं. सांगायला हवं होतं, सरळ आहे. पण "आई, खाऊ घालू नका, मरेल तो" हे वाक्य त्या घरात कोणी कोणाला म्हणू शकत नव्हतं. ते तोंडातून निघालं असतं तर फक्त माशाबद्दल राहिलं नसतं. म्हणून ती सासूबाई झोपल्या की पाइपनं तळातली शितं ओढून काढायची, थोडं पाणी बदलायची आणि गप्प बसायची. दुपारी त्या खोलीतून टक टक ऐकू आलं, की मात्र तिचं हातातलं काम थांबायचं. मासा खडे फेकतोय, हे स्वतःला सांगावं लागायचं. पूर्वी कधी सांगावं लागलं नव्हतं.

मे महिन्यात कॉलेजच्या परीक्षांचं काम आलं आणि काही दिवस तिचं टाकीकडं पाहणं झालं नाही. मग एका सकाळी ती चहा घेऊन त्या खोलीत गेली आणि तिला आधी वास आला.

टाकीतलं पाणी तांदूळ धुतल्यासारखं पांढुरकं झालं होतं. पलीकडची भिंत दिसत नव्हती. वर तुपाची साय धरली होती. साहेबाबरोबर दोन छोटे चंदेरी मासे असायचे, ते दोन्ही उलटे होऊन तरंगत होते. साहेब स्वतः डोकं वर, शेपूट खाली असा पाण्यात लटकला होता. त्याचे कल्ले लाल झाले होते आणि पाण्याच्या वर काढलेलं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं.

सुनेत्राबाई वाटी घेऊन उभ्याच होत्या. "पाहा ना," त्या म्हणाल्या, "सकाळपासून मागून राहिले. दिलं तर खातही नाहीत, आणि तोंडही मिटत नाहीत. काय पाहिजे असंल ग त्यांना?"

नेहानं चहा खिडकीत ठेवला. ते उघडं तोंड तिनं आधी पाहिलं होतं. त्या संध्याकाळी, घरघर सुरू झाल्यावर.

"आई, पाणी बिघडलंय," ती म्हणाली. "मी घमापुरातल्या दुकानातून औषध घेऊन येते. तोवर काही देऊ नका. एक शीतसुद्धा नाही. देणार नाही ना?"

"अच्छा, नाही देत," सुनेत्राबाई म्हणाल्या, पण वाटी खाली ठेवली नाही.

मेलेले मासे जाळीनं काढून, दुकान उघडायच्या वेळेला, अकरा वाजून गेल्यावर, नेहानं स्कूटर काढली. उन्हानं रस्ता चटचटत होता. घमापुरातला दुकानदार टीव्ही पाहता पाहता म्हणाला, "पूरा पानी बदल दो दीदी, और ये तीन बोतल डाल दो." पूर्ण पाणी एकदम बदललं की तोच धक्का माशाला मारतो, एवढं तिला माहीत होतं. तिनं तीन बाटल्यांतली क्लोरीन मारायची तेवढी घेतली, अमोनिया तपासायची किट घेतली आणि परत फिरली. येताना तिच्या डोक्यात हिशेब चालू होता. कुजलेल्या अन्नाचा अमोनिया, त्यात हे नळाचं जड पाणी, त्यात ही गर्मी. तिन्ही मिळून जालीम विष होतं. मुलांना हे फळ्यावर लिहून देताना तिला कधी घाम फुटला नव्हता.

घरी आली तर लाइट गेलेली. कूलर बंद, पंखा बंद आणि टाकीतला हवेचा पंपही बंद. घरभर अशी शांतता, की तिला तिची पावलं ऐकू येत होती. ती खोलीच्या दाराशी आली आणि थांबली.

सुनेत्राबाई टाकीशी उभ्या होत्या. डाव्या हातात वाटी आणि उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात. बोटांत तुपाचा घास होता. मासा त्या बोटांशी आला होता, त्याचं तोंड उघडं होतं आणि सुनेत्राबाई अगदी मायेनं म्हणत होत्या, "घ्या ना. एक घ्या. कोणी पाहून नाही राहिलं."

तेच दार होतं, तीच दुपारची वेळ आणि तीच वाटी. चपला हातात घेऊन मागच्या मागं निघून जावं असं नेहाला पुन्हा वाटलं, अगदी तसंच वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. ती पुढं झाली आणि तिनं सासूबाईंचं मनगट धरलं.

"नका देऊ, आई."

"भूक लागली त्यांना."

"भूक नाही. त्याला श्वास घेता येत नाहीय म्हणून तोंड उघडतोय तो. तुम्ही घास दिला की अजून गुदमरेल."

सुनेत्राबाईंनी हात काढला नाही. त्या टाकीकडेच पाहत राहिल्या. घास बोटांतून सुटून पाण्यात विरघळत गेला. मग त्यांनी विचारलं, "तेव्हाही असंच होतं काय ग?"

नेहाला वाटलं होतं, की हा प्रश्न कधी आला तर आपण काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ. आता तिला खोटं सुचेना. "नाही," ती म्हणाली. "त्या दुपारी त्यांना भूकच होती. त्यांनी घास घेतला तेव्हा ते किती खूश होते. मी पाहिलं."

"तू पाहिलं होतं."

"हो. दारातून."

"मग थांबवलं काहून नाही मला?"

"थांबवायला हवं होतं," नेहा म्हणाली. "मला सगळं कळत होतं, आई. तुमच्यापेक्षा जास्त कळत होतं. मी निघून गेले."

सुनेत्राबाईंचा हात सावकाश पाण्याबाहेर आला. त्यांनी वाटी खिडकीत ठेवली आणि पदराला हात पुसला. नेहाला वाटलं, आता त्या किंचाळतील, किंवा मारतील, किंवा खाली बसतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. "सांग, काय करायचं ते," त्या म्हणाल्या.

किटच्या नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते झरझर हिरवं झालं आणि गडद होत गेलं. नेहानं नळी ओतून दिली. जबलपुरात घराघरात कूलर भरायचा पाइप असतोच. तो टाकीत सोडून तिनं तळातला गाळ ओढून काढायला सुरुवात केली. भात, पोहे, बिस्किटाचा चिखल, सगळं बुळबुळीत होऊन बाहेर आलं आणि खोलीभर असा वास सुटला की दोघींनी नाकाला पदर-ओढणी लावली. निम्मं पाणी गेलं. आता नवीन घालायचं तर गच्चीवरच्या टाकीतून नळाला आलेलं पाणी हात भाजेल एवढं तापलं होतं.

"माठातलं घे," सुनेत्राबाई म्हणाल्या. घरात तीन माठ भरलेले होते. नेहानं बादलीत माठाचं गार आणि नळाचं गरम मिसळलं, हात घालून घालून टाकीतल्या पाण्याइतकं केलं, औषधाचे थेंब टाकले आणि हळूहळू सोडायला लागली. घरातलं प्यायचं पाणी संपलं. दोघींच्याही ते ध्यानात आलं.

पंप बंद होता, म्हणून पाण्यात हवा हातानंच घालायची होती. तांब्या भरायचा, उंच धरायचा आणि धार सोडायची. पुन्हा भरायचा. एकीचा खांदा भरून आला की दुसरी घ्यायची. ऊन खिडकीतून सरकत सरकत टाकीच्या पायाशी आलं. मासा एका कुशीवर कलला होता. त्याचा वरचा डोळा गोल, स्थिर आणि पिवळट होता. नेहा धार सोडायला उजवीकडं झाली की तो डोळा उजवीकडं वळायचा आणि डावीकडं झाली की डावीकडं. त्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. ओळख होती. नेहानं दुसरीकडं बघायचं ठरवलं, पण तिला ते जमलं नाही.

मध्येच सुनेत्राबाई उठून देवघरात गेल्या. येताना त्यांच्या हातात तिलवाऱ्याहून आणलेल्या नर्मदेच्या पाण्याची बाटली होती आणि तुळशीचं पान. "हे तेव्हा राहून गेलं होतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरच्या गडबडीत कोणाला सुचलंच नाही."

आठवडाभर बाटलीत राहिलेलं नदीचं पाणी. त्यात क्लोरीन असायचं काही कारण नव्हतं. "ओता," नेहा म्हणाली.

सुनेत्राबाईंनी अख्खी बाटली ओतली आणि तुळशीचं पान पाण्यावर सोडलं. पान फिरत फिरत माशाच्या तोंडाशी गेलं. त्यानं ते आत ओढलं. पान क्षणभर ओठांत राहिलं, मग त्यानं ते फुर्रकन बाहेर टाकलं आणि कल्ले हलवले.

"नाही जायचं म्हणून राहिले," सुनेत्राबाई म्हणाल्या, आणि नेहाच्या हातातून तांब्या घेऊन पुन्हा धार धरली.

ऊन उतरायच्या सुमारास लाइट आली. पंप घरघरला आणि बुडबुडे वर चढायला लागले. अंधार पडायच्या आत मासा सरळ झाला होता. पाणी अजून गढूळ होतं, पण किटचा हिरवा रंग फिका पडला होता.

"आता काही दिवस त्याला काहीही खायला द्यायचं नाही," नेहानं सांगितलं. "एवढा मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. त्यानं काही होत नाही त्याला."

सुनेत्राबाईंनी मान हलवली. त्या जेवल्या मात्र नाहीत. त्या संध्याकाळी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारून आणलेलं पाणी तेवढं प्यायल्या. नेहानं भात केला, खिचडी केली, शेवटी नुसतं दूध समोर ठेवलं. "त्यांचं झाल्याशिवाय मी कधी जेवली काय?" त्या प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायच्या. नेहानं आलोकला फोन केला. तो परवापर्यंत निघू शकत नव्हता. नेहा रोज पाणी बदलत होती, पाणी निवळत होतं, मासा सुधारत होता, आणि इकडे बाई वाळत चालली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या देवघरातून उठताना भिंतीला धरून उभ्या राहिल्या, तेव्हा नेहा घाबरली. माशाला घास दिला तर मासा जाणार आणि नाही दिला तर या जाणार, असा तो पेच होता.

आणि माशाला भूक लागली होती. तो बरा झाल्याची ती खूण होती, खरं तर आनंद व्हायला हवा. टक टक, आणि जरा थांबून पुन्हा टक. सकाळपासून चाललं होतं. खोलीतून, स्वयंपाकघरातून, अंगणातूनसुद्धा ते ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नेहानं ताट वाढलं. वरणभात, तूप, लिंबाची फोड, दोडक्याची भाजी. ती ते घेऊन तडक त्या खोलीत गेली आणि टाकीसमोर स्टूल ओढून सासूबाईंना दंडाला धरून बसवलं. ताट त्यांच्या मांडीवर दिलं.

"उपाशी त्यांनी राहायचंय, आई," ती म्हणाली. "तुम्ही नाही. त्यांच्यादेखत जेवा. त्यांना कळू दे."

काचेच्या पलीकडं खडा आपटला. सुनेत्राबाई ताटाकडे पाहत होत्या आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळून भातात पडत होतं. मग त्यांनी मान वर केली. "अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाही द्यायचं आता. दिलं तर तुम्ही जाता. मी आपल्या हातानं दिलं होतं, मलाच माहीत आहे. पुन्हा नाही देणार." त्यांनी ताट जरा जवळ ओढलं. "मी जेवू काय?"

खड्यांचा आवाज थांबला. मासा तळातून वर आला आणि काचेला लागून अगदी त्यांच्या तोंडासमोर स्थिर झाला. कल्ले तेवढे हलत होते.

सुनेत्राबाईंनी पहिला घास उचलला आणि तो स्वतःच्या तोंडात घातला. त्यांनी तो चावला तेव्हा काचेपलीकडलं तोंडही उघडलं आणि मिटलं. त्यांनी दुसरा घेतला. तिकडेही उघडलं, मिटलं. नेहा दाराला टेकून पाहत होती. ऑस्कर मासा माणसाच्या हालचालीची नक्कल करतो, असं कुठंतरी वाचल्याचं तिला आठवत होतं, की वाचलंच नव्हतं, तिला सांगता आलं नसतं. सासूबाईंनी घास थांबवला की तोही थांबायचा. त्या घोट घेऊ लागल्या की तो गिळल्यासारखं करायचा. दोडक्याच्या भाजीला त्यानं तोंड फिरवलं. असं नेहाला दिसलं. सगळं ताट संपेपर्यंत दोघांचं असंच चाललं होतं, आणि शेवटी शेवटी सुनेत्राबाई रडत नव्हत्या, नुसत्या जेवत होत्या.

ताट रिकामं झालं तेव्हा मासा काचेपासून वळला, कोपऱ्यात जाऊन तळाशी टेकला आणि पोट भरलेल्या माणसासारखा डाव्या कुशीवर पडला. सुनेत्राबाईंनी ताटातच हात धुतला. "झोपले," त्या म्हणाल्या आणि भिंतीचा आधार न घेता उठून आत गेल्या.

नेहा ताट उचलायला वाकली. पश्चिमेची खिडकी उघडी होती आणि उन्हाची तिरीप टाकीवर, नेमकी त्या कोपऱ्यात पडली होती. ती खिडकीशी गेली आणि तिनं पडदा हातात धरला.

"अण्णा, पडदा ओढू का?" ती म्हणाली.

म्हणून झाल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिनं पडदा सोडलाही नाही आणि ओढलाही नाही. उत्तराची वाट पाहत ती तशीच उभी राहिली.